मागणाऱ्याचं हळकुंड

महाराजांची पाटी माझ्या हातात आली तेव्हा तिचा एक कोपरा अजून ओला होता. आधीचा मजकूर कारभारी विष्णुपंतांनी घाईनं पुसला होता आणि त्या ओलीवर शेवटची दोन अक्षरं पसरली होती. मी मजकूर एकदा मनात वाचला. मग नेहमीसारखा उभा राहिलो, चष्मा वर सरकवला आणि मोठ्यानं वाचलं.

"हौसाची शालन गुरुघरी द्यावी. मिरजेस माईंच्या आश्रमात तीन वर्षे सेवा करावी. तिचे कल्याण आम्ही पाहू."

मठाच्या सभामंडपात दीड-दोनशे माणसं होती. वरच्या कोनाड्यात पारवे घुमत होते, तेसुद्धा थांबल्यासारखे वाटले. माझं वाचून झालं की मला नेहमीच तसं वाटायचं. बायकांच्या बाजूनं कुणीतरी हलकेच म्हणालं, "भाग्याची गं बाई."

हौसाबाई घोलप तिसऱ्या रांगेत बसली होती. शेजारी शालन. शालनला मिरजेच्या नर्सिंगच्या शाळेत जागा मिळाल्याचं पत्र आलं होतं आणि येत्या सोमवारी तिला हजर व्हायचं होतं. ते पत्र आठवड्यापूर्वी मीच हौसाबाईला वाचून दाखवलं होतं. शालनला उत्तम वाचता येत होतं, तरी हौसाबाईनं ते माझ्याकडून पुन्हा वाचून घेतलं होतं.

हौसाबाई उभी राहिली. लोकांना वाटलं, पाया पडायला येते आहे. बायकांनी गुडघे आवरून तिला वाट करून दिली. ती पुढं आली, महाराजांना लांबून नमस्कार केला आणि माझ्याकडं वळली.

"मास्तर," ती म्हणाली, "ही लेक कोन मागतंय?"

या गोष्टीला आता पंचेचाळीस वर्षं होतील. मी ती आजवर कुणाला सांगितलेली नाही. गावात ती वेगळ्या तऱ्हेनं सांगतात, आणि त्या सांगण्यात मी बराच बरा माणूस दिसतो. खरं काय ते लिहावं असं अनेकदा मनात आलं आणि दर वेळी वाटलं, आपल्याला जमणार नाही. आताही तसंच वाटतं आहे.

मी उंबरीला आलो तो वाचनालयाची शाखा उघडायला. ग्रामपंचायतीच्या मागची खोली, दोन कपाटं, चारशे बारा पुस्तकं. उंबरी हे घाटमाथ्यावरचं गाव, आणि त्याच्या भोवती डोंगराच्या कुशीत सात वाड्या. पुस्तकं हाताळतो म्हणून लोक मला मास्तर म्हणू लागले. मी शिक्षक कधीच नव्हतो, होऊही शकलो नसतो. लहानपणापासून माझी जीभ अडते. चार माणसांत स्वतःचं नाव सांगायचं तरी पहिल्याच अक्षराशी झटापट सुरू होते. गंमत अशी की समोर लिहिलेलं असलं तर अडत नाही. दुसऱ्या कुणाचे शब्द असले की माझी जीभ वाहत्या पाण्यासारखी चालते.

मठात मी पहिल्यांदा गेलो तो एका गुरुवारी सकाळी. महाराज व्याघ्रांबरावर बसले होते. पन्नाशीचे, गोरे, ताठ. सात वर्षं त्यांच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. माझ्यासारख्या माणसाला त्याचं काय वाटलं असेल! मला बोलता येत नव्हतं म्हणून मी गप्प होतो, आणि या माणसाला बोलता येत असून त्यानं बोलणं टाकून दिलं होतं. लोक येत, गाऱ्हाणं सांगत, आणि महाराज मांडीवरच्या दगडी पाटीवर पांढऱ्या पेन्सिलीनं उत्तर लिहीत. एक अक्षर खोडत नसत. मी पुस्तकांतला माणूस. खाडाखोड न करता लिहिणारा माणूस मी तोवर पाहिलेला नव्हता. माझ्या अंगावर काटा आला होता. तो खोटा नव्हता, हे आजही सांगतो.

पाटी वाचून दाखवण्याचं काम मठाचे कारभारी विष्णुपंत करत. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि एका गुरुवारी महाराजांनी पाटीवर माझं नाव लिहिलं. मी नाही म्हणणार होतो, पण 'नाही'मधला 'न' बाहेर पडेपर्यंत पाटी हातात आली होती. मी वाचू लागलो आणि सभामंडप चिडीचूप झाला. सात वर्षं गप्प असलेल्या माणसाचा आवाज मी झालो होतो. त्या रात्री आनंदानं मला जेवण गेलं नाही.

दोन वर्षं मी दर गुरुवारी वाचत होतो. "रविवारी सर्वांनी आमच्या बंधूंच्या मळ्यावर श्रमदानास जावे." वाचलं. विहीर खणून झाली. "ज्यांच्या घरी दुभते आहे त्यांनी एकादशीचे तूप मठात द्यावे." वाचलं. तुपाचे डबे जीपमध्ये चढताना मी पाहत असे, आणि ते कुठं जातात हा प्रश्न मला पडत नसे. तुम्हाला पटणार नाही, पण मला त्या वाक्यांची रचना आवडायची. किती थोड्या शब्दांत!

आणि विमल. दगडू सुताराची मुलगी, सतरा वर्षांची. आदल्या वर्षी असाच एक मजकूर पाटीवर आला होता: विमलने मिरजेस माईंच्या आश्रमात सेवेस राहावे. माई म्हणजे महाराजांची थोरली बहीण. मी वाचलं तसा दगडू उभ्यानं रडला. दरबार उठल्यावर विमलची आई माझ्यापाशी आली, माझा हात धरून सरळ केला आणि तळव्यावर एक हळकुंड ठेवलं. नुसती माझ्याकडं बघत राहिली.

हळकुंड ठेवण्याची रीत मला पाहून ठाऊक होती. वाड्यांतल्या चालीरीती टिपून ठेवायला मी एक वही केली होती. हौसाबाईच्या भावाच्या मुलीची सुपारी फुटली तेव्हा मी हजर होतो. नवऱ्या मुलाचा बाप तोंड मिटून बसला होता आणि त्याच्या वतीनं एक म्हातारा चुलता पुढं येऊन म्हणाला, "तुमची लेक आमच्या घरात द्या." मुलीच्या आईनं त्या म्हाताऱ्याच्या हातावर हळकुंड ठेवलं. बापाच्या नाही, त्याच्याच. मी घरी येऊन वहीत लिहिलं: 'मागणी घालणाऱ्याच्या हातावर हळकुंड ठेवतात.' आणि पुढं कंसात, 'कारण विचारणे राहिले.'

ते राहिलंच. विमलच्या आईनं माझ्या हातावर हळकुंड ठेवलं तेव्हा मला वाटलं, गुरुघरी मुलगी देणं ही माणसं लग्नासारखं मानतात, केवढी थोर कल्पना. मी भारावून गेलो. हळकुंड वाचनालयात नेलं आणि टेबलाच्या खणात, पेन्सिलींच्या तुकड्यांत ठेवून दिलं.

तर हौसाबाईनं विचारलं, ही लेक कोण मागतं आहे.

विष्णुपंत हसले. "कोण म्हणजे? महाराज मागताहेत, हौसाबाई. जन्माचं सोनं झालं म्हणा."

"मग महाराजांनी मागावी," ती म्हणाली. "लेक मागायची ती तोंडानं. सात वाड्यांत आजपातुर पाटीवर कुनी लेक मागितली न्हाई."

पुरुषांच्या बाजूला खसखस पिकली. कुणीतरी म्हणालं, "अगं, मौन हाय त्येंचं. नऊ वर्सं झाली. तुला आज कळलं व्हय?"

"मला ठावं हाय की. नऊ वर्सं ह्ये अंगान मीच सारवतीया." तिचा आवाज चढला नाही. ती महाराजांकडं वळली आणि हात जोडूनच बोलली. "मौन मोडा म्हनत न्हाई, महाराज. मागू नगा. मागितलंच न्हाई तर मोडायचं कारनच न्हाई."

आता कुणी हसलं नाही. महाराजांचा चेहरा नेहमीसारखाच शांत होता. पेन्सिल मात्र बोटांत थांबली होती.

"हे बघा बाई," विष्णुपंत म्हणाले, "मास्तरांनी वाचलं ते ऐकलंत ना? मास्तरांचा आवाज तो महाराजांचाच आवाज. झालं की तोंडानं मागून."

"आसं म्हनताय?"

"असंच आहे."

"मग मास्तरांनी घ्यावं."

तिनं डावा हात पुढं केला आणि मूठ उघडली. तळव्यावर हळकुंड होतं. म्हणजे ती घरूनच ते घेऊन आली होती. पाटीवर काय येणार हे तिला आधीच ठाऊक होतं. विष्णुपंतांचा निरोप मंगळवारीच तिच्या घरी पोचला होता, हे मला मागाहून कळलं.

"घ्या मास्तर," ती म्हणाली. "तुमी मागितली, तुमी घ्या. उंद्या पोर आजारी पडली, कुनी हात उगारला, पोटाला कमी पडलं, तर तिला आनायला तुमी जायाचं. नवऱ्याच्या बापानं न्हाई, महाराजांनी न्हाई. ज्येच्या तोंडातनं मागनं निघालं त्यो पोरीचा जामीन. त्येच्या हातावर हळकुंड. ही आमची रीत."

"बरूबर हाय," पुरुषांतून एक म्हातारा म्हणाला. "रीत तीच हाय."

"बरूबर हाय," आणखी दोघे म्हणाले.

दोन वर्षांपूर्वी कंसात लिहिलेल्या त्या तीन शब्दांचं उत्तर मला भर सभेत मिळालं, आणि पुढच्याच क्षणी टेबलाचा खण माझ्या डोळ्यांपुढं आला. पेन्सिलींचे तुकडे, गंजलेल्या टाचण्या, आणि वर्षभर तिथं पडलेलं विमलचं हळकुंड.

महाराज लिहू लागले. त्यांनी पाटी माझ्यासमोर धरली. त्यावर एकच शब्द होता.

'घ्यावे.'

मी पाटी हातात घेतली. वाचायला तोंड उघडलं. इथं नीट सांगायला हवं, कारण नेमकं इथंच लोक चूक सांगतात. लोक म्हणतात, मास्तरांनी नकार दिला. महाराजांची आज्ञा वाचायची नाही असं मास्तरांनी ठरवलं. मी काहीही ठरवलं नव्हतं. मला वाचायचं होतं. दोन वर्षं ज्यांची अक्षरं डोळे मिटून वाचली त्यांचा एक शब्द वाचून मोकळं व्हावं, एवढंच मनात होतं. पण 'घ'वर माझी जीभ अडली. लिहिलेल्या शब्दावर ती आयुष्यात प्रथमच अडली. आवाज फुटला नाही. कारण तो शब्द वाचला की तो माझ्या अंगाला लागणार होता. तो दुसऱ्याचा राहिला नव्हता.

मी किती वेळ तसा उभा होतो कोण जाणे. हौसाबाईचा हात पुढंच होता. सारवून सारवून फाटलेल्या बोटांचा तो हात मी बघत होतो. तो जराही हलत नव्हता. महाराजांचं ताठ बसणं मी दोन वर्षं आदरानं पाहिलं होतं. त्या दिवशी ते मला दिसेनासं झालं. दिसत होता तो एवढा एक हात, आणि त्यावर बोटाएवढं हळकुंड. देवळात गाभाऱ्याशी उभं राहिल्यावर जे व्हायला हवं आणि माझं कधी झालं नाही, ते त्या हातासमोर झालं.

महाराजांनी माझ्या हातून पाटी काढून घेतली आणि विष्णुपंतांपुढं धरली. विष्णुपंतांनी डोळे बारीक केले, मान हलवली. त्यांना दिसत नव्हतं. मग महाराजांनी पाटी लोकांकडं वळवली. पुढच्या रांगेत ग्रामसेवक होते, दूध डेअरीचे सेक्रेटरी होते, दोन शाळामास्तर होते. सगळ्यांना वाचता येत होतं. पण वाचेल तो जामीन, हे आता सगळ्यांना कळलं होतं. एकेकाची नजर जमिनीकडं गेली. शाळामास्तरांतले एक तर उगाचच चप्पल कुठं ठेवली ते आठवल्यासारखं दाराकडं बघू लागले.

नैवेद्याची वेळ टळली. आतून भात करपल्याचा वास आला. कुणी उठलं नाही.

मग महाराजांचे ओठ उघडले.

अख्खा सभामंडप पुढं झुकला. मीही झुकलो. नऊ वर्षांनी तो आवाज येणार होता. कसा असेल? मी मनात कितीदा तो कल्पला होता. त्यांनी श्वास घेतला, छाती भरली, गळ्यापाशी काहीतरी हललं. हौसाबाईनं हात किंचित त्यांच्या दिशेनं वळवला. त्यांनी मागितली असती तर तिनं हळकुंड त्यांच्या हातावर ठेवलं असतं. रीत म्हणजे रीत. हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं आणि ते बघून शालन आईच्या पाठीमागं रडू लागली होती.

महाराजांनी हळकुंडाकडं पाहिलं. ओठ मिटले. उपरण्याच्या टोकानं त्यांनी स्वतःच पाटी पुसली, कोरडी, पांढरे फराटे उठेपर्यंत. मग उठले आणि आत गेले.

हौसाबाईनं मूठ मिटली.

मठाच्या पायऱ्यांवर मी बसून होतो. माणसं माझ्या बाजूनं जाताना आवाज खाली घेत होती. दगडू सुतार थांबला, माझ्याकडं बघितलं आणि तसाच गेला. शेवटी हौसाबाई आणि शालन बाहेर आल्या. हौसाबाई एक पायरी खाली बसली.

"बरं केलं मास्तर, घेतलं न्हाई त्ये."

मला सांगायचं होतं की मी काही केलं नाही, माझी जीभ अडली. पण तेही सांगायला जीभच लागते. मी नुसती मान हलवली, आणि त्या मान हलवण्याचा तिनं विनय असा अर्थ घेतला.

"शालीच्या परीक्षेला मिरजंला गेलतो न्हवं," ती म्हणाली. "दुपारी पोटात काय न्हाई. कुनीतरी म्हनलं, ही खानावळ सस्ती हाय. आत जाऊन बसलो. गल्ल्यावर ह्या माई."

"मा... माईंचा आश्रम?"

"कसला आश्रम. भाईर पाटी हाय, घरगुती जेवन मिळंल. पन्नास-साठ पानं उठत्यात रोज. मागं चूल, आन् चुलीम्होरं आपली विमल."

शालन म्हणाली, "मनगटापर्यंत भाजलंय तिला, मास्तर. जुने डाग, त्यावर नवे. तिच्या अगोदरच्या दोघी पळून गेल्या म्हणे. त्यांची नावं कुणी काढत नाही."

"दगडू... भेटायला गेला होता."

"गेलता. अनुष्ठानात हाय म्हनून दारातनं लावून दिला," हौसाबाई म्हणाली. "विमलची आय बिनघोर हाय. तिला वाटतं, मास्तर म्हैन्याला जाऊन बघून येत्यात. मोठ्या मानसाला इचारावं कसं, म्हनून इचारत न्हाई."

मी एकदाही मिरजेला गेलो नव्हतो.

"विमलनं आमाला वळखलंच न्हाई असं दावलं," ती पुढं म्हणाली. "माई बघत हुत्या. मग भाकरी वाढायला वाकली तवा म्हनली, हळूच. मावशे, मास्तर कवा येनार?"

एवढं बोलून हौसाबाई उठली. मला तिनं जा म्हटलं नाही. जाणार का म्हणूनही विचारलं नाही. लुगडं झटकलं आणि लेकीला घेऊन चालू लागली.

सोमवारी पहाटेच्या एसटीत त्या दोघी पुढं बसल्या होत्या, शालनची पत्र्याची ट्रंक मध्ये. मी मागच्या बाकावर बसलो. हौसाबाईनं वळून पाहिलं आणि पुन्हा पुढं तोंड केलं. कोल्हापूरला गाडी बदलली तेव्हा तिनं मला चहा पाजला. माझ्या सदऱ्याच्या खिशात ते हळकुंड होतं. वर्षभर खणात राहून वाळून लाकूड झालं होतं, पण घामानं खिशाला पिवळा डाग पडला. वाटभर मी एकच वाक्य मनात म्हणत होतो: विमलला न्यायला आलोय. सहा-सातशे वेळा म्हटलं असेल. एका कागदावर लिहूनही घेतलं होतं, म्हणजे वाचता आलं असतं. मिरजेच्या स्टँडवर उतरल्यावर तो कागद मी फाडला. का ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

शालन आपल्या शाळेकडं गेली. हौसाबाई तिच्याबरोबर. "मी हिला पोचवून येते," एवढंच म्हणाली, आणि खानावळीची गल्ली दाखवली.

जेवणाची वेळ होती. दोन पंगती बसल्या होत्या; कॉलेजची मुलं, दवाखान्यात कुणाकुणाला घेऊन आलेली खेड्यातली माणसं. गल्ल्यावर माई होत्या. चेहरा महाराजांचाच, तसाच गोरा, तसाच शांत. मागच्या भिंतीवर महाराजांची तसबीर, हार घातलेली.

"पास आहे का?" त्यांनी विचारलं. "नसला तर आधी कूपन घ्या. तिकडं तिसऱ्या पाटावर बसा."

"मी... वि..."

"काय?"

"वि... वि..."

एक मुलगा जेवता जेवता हसला. माईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "विसरलात काय? आठवून या सावकाश."

"वि...मलला. न्यायला. आलोय."

पंगतीतला आवाज जरा कमी झाला. माईंच्या कपाळावर एक आठी पडली. "विमल मठाच्या सेवेत आहे. महाराजांच्या आज्ञेवाचून ती कुठं जात नाही. तुम्ही कोण तिचे?"

मी कोण तिचा? बाप नव्हतो, भाऊ नव्हतो, जातभाईसुद्धा नव्हतो. मी खिशातून हळकुंड काढलं आणि तळव्यावर ठेवून हात पुढं केला. माझा हात हौसाबाईसारखा स्थिर नव्हता. चांगलाच थरथरत होता, आणि हळकुंड पडू नये म्हणून मला दुसऱ्या हातानं तो धरावा लागला.

"जा..." मी म्हणालो.

माई थांबल्या. पंगत थांबली. वाढप्याच्या हातातलं आमटीचं भांडं तसंच अधांतरी राहिलं.

"जा... जा..."

घाम कानामागून मानेवर उतरला. इतका वेळ लागला की त्या मधल्या वेळात मी आतल्या चुलीतलं लाकूड तडकल्याचं ऐकलं, भाकरी थापण्याचा आवाज ऐकला, आणि तो आवाज थांबल्याचंही ऐकलं.

"जामीन," मी म्हणालो.

आतला पडदा सरकला. विमल दारात उभी होती. हात धुतलेले, पण कोपरापर्यंत पीठ. काखेत कापडाचं बोचकं. ते बांधायला तिला वेळच मिळाला नव्हता. कधीचं तरी बांधून ठेवलेलंच असणार.

माई काहीतरी म्हणत होत्या. महाराजांचं नाव, शाप, उंबरीला निरोप, असं काही. मला ते ऐकू येत होतं आणि येतही नव्हतं. विमल पंगतीच्या मधून चालत आली. माझ्या हातावरच्या हळकुंडाकडं तिनं पाहिलं, आपल्या आईचंच आहे ना याची खात्री करून घेतल्यासारखं. मग माझ्या तोंडाकडं पाहिलं.

"लई उशीर केला, मास्तर," ती म्हणाली.

रागानं म्हणाली नाही. चुकलेल्या एसटीला म्हणावं तसं म्हणाली आणि माझ्यापुढं उंबऱ्याबाहेर पडली. मी तिच्यामागून निघालो.